उष्टावणीची वाटी

चांदीची ती वाटी आमच्या घरात अठ्ठेचाळीस वर्षं आहे. ताईच्या उष्टावणाला आजीने ती सातारच्या सराफाकडून करून घेतली. मग माझं उष्टावण तिच्यातच झालं, पुढे ताईच्या मुलाचंही. एरवी ती देव्हाऱ्याखालच्या खणात, मऊ फडक्यात गुंडाळलेली असते. जानेवारी २०२४ मध्ये मी साताऱ्याला गेलो तेव्हा ती जेवणाच्या टेबलावर होती आणि ताई तिच्यात जेवत होती. पोटाचं ऑपरेशन होऊन चौथा आठवडा चालू होता.

वाटीत मुगाच्या डाळीची घोटलेली खिचडी होती, तीही अर्धी वाटी. फोडणी नाही, तिखट नाही. ताई चहाच्या चमच्याचं टोक भरून घास घ्यायची, तोंडात घोळवायची आणि चमचा खाली ठेवायची. चमचा हातात राहिला की पुढचा घास आपोआप भरला जातो, म्हणून तो खाली ठेवायचा असं तिला शिकवलं होतं. मग ती खिडकीबाहेर बघायची. समोर दाजी आपलं ताट संपवून हात धुऊन आले, तेव्हा वाटीतली खिचडी बोटभर खाली गेली होती. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून घड्याळ आणि वाटी आळीपाळीने बघत होती. पस्तीस मिनिटांनी ताई म्हणाली, “झालं.” वाटीत दोन चमचे शिल्लक होते. आईने ती वाटी उचलली, आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

मुलीने वाटीत दोन चमचे टाकले आणि तरी तिला काही म्हणायचं नाही, हे त्या बाईला किती जड गेलं असेल याची कल्पना मला तेव्हा आली नव्हती. या ऑपरेशनबद्दल लिहायचं तर पोटाबद्दल लिहावं लागतं, पण तेवढ्याने भागत नाही. त्यानंतरच्या पावणेदोन वर्षांत ताईबरोबर पुण्याला फॉलोअपला जाताना, तिथल्या रुग्णांच्या मासिक बैठकीत मागच्या खुर्चीवर बसून ऐकताना मला एक गोष्ट पटत गेली. जठर एकाचं कापतात, पण जेवायला नव्याने शिकावं लागतं ते सगळ्या घराला. ज्या घरांनी हे मनावर घेतलं त्यांची माणसं त्या बैठकीत हसत येताना मी पाहिली. बाकीची माणसं एकटीच यायची.

वजन उतरवण्यासाठी ताईवर झालेल्या या ऑपरेशनला स्लीव्ह म्हणतात. स्लीव्ह म्हणजे बाही. डॉक्टरांनी ते आम्हाला कागदावर चित्र काढून समजावलं. आपलं जठर रिकामं असताना लहान असतं, पण जेवताना ते सैलावत जातं आणि एक ते दीड लिटर अन्न सामावून घेतं. हे सैलावणं मुख्यतः त्याच्या डाव्या, वरच्या फुगीर भागाचं काम. ऑपरेशनमध्ये तोंडावाटे साधारण बारा-तेरा मिलिमीटर जाडीची एक नळी जठरात सोडतात, तिच्या कडेकडेने स्टेपलर चालवतात आणि बाहेरचा पंचाहत्तर ते ऐंशी टक्के भाग कापून पोटातून काढून टाकतात. हे सगळं दुर्बिणीतून, चार-पाच लहान छिद्रांमधून होतं. मागे उरते केळ्याच्या आकाराची एक निमुळती पिशवी. तिच्यात मावतं शंभर ते दीडशे मिलिलिटर, म्हणजे चहाचा एक कप. आतड्यांना हात लावत नाहीत. बायपास या दुसऱ्या ऑपरेशनमध्ये आतड्याची वाटही बदलतात, स्लीव्हमध्ये ती तशीच राहते. मात्र कापलेलं परत जोडता येत नाही.

आईने आयुष्यभर शिवणकाम केलंय. चित्र बघून तिने एकच प्रश्न विचारला, “माया किती ठेवता?”

डॉक्टरांना क्षणभर कळलं नाही. शिवणीत आत जादा कापड सोडतात, पुढे अंग भरलं तर उसवून सैल करता यावं म्हणून, त्याला माया म्हणतात, हे मी सांगितलं. डॉक्टर थांबले आणि म्हणाले, “नाही आजी. माया असते तोच भाग आम्ही काढतो.”

त्यानंतर मी या विषयावर पुष्कळ वाचलं, पण इतकं नेमकं वर्णन दुसरं सापडलं नाही. पोळीचा एक घास जास्त झाला, पाणी घाईने प्यायलं, तर साधं जठर थोडं सैलावून सांभाळून घेतं. बाहीला ते जमत नाही. ती ताणली जात नाही, तिच्यातला दाब वाढतो आणि माणूस कळवळतो.

काढून टाकलेल्या त्या फुगीर भागात आणखी एक गोष्ट असते. भूक लागल्याची वर्दी मेंदूला देणारं घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः तिथे तयार होतं. जपानमधल्या मासायासु कोजिमा आणि केंजी कांगावा यांनी ते १९९९ मध्ये शोधलं. साधारण त्याच सुमाराला न्यूयॉर्कमध्ये मिशेल गॅन्ये हे सर्जन अतिशय स्थूल रुग्णांवरचं एक अवघड ऑपरेशन दुर्बिणीतून दोन टप्प्यांत करू लागले होते. पहिल्या टप्प्यात फक्त जठराची बाही करायची, वजन उतरलं की आतड्याचं काम करायचं. पण कित्येक रुग्णांचं वजन पहिल्या टप्प्यातच इतकं उतरलं की दुसऱ्याची गरज राहिली नाही. अशा रीतीने तात्पुरती म्हणून केलेली पायरीच आज जगात सर्वाधिक केलं जाणारं वजनाचं ऑपरेशन झाली आहे. जागा कमी होणं हे तिच्या यशाचं एक कारण, भुकेची वर्दी मंदावणं हे दुसरं.

ताई माध्यमिक शाळेत शिकवते. ऑपरेशनआधी तिचं वजन ११८ किलो होतं, उंची पाच फूट दोन इंच. मधुमेह अकरा वर्षांचा, गुडघे गेलेले, आणि रात्री झोपेत श्वास अडकायचा म्हणून नाकातोंडावर मशीन. वीस वर्षांत तिने काय केलं नाही? भात सोडला, पोळी सोडली, गरम पाण्यात लिंबू-मध घेतला, पहाटे अजिंक्यताऱ्याच्या पायथ्यापर्यंत चालली. दर खेपेला आठ-दहा किलो उतरायचे आणि वर्षभरात बारा चढायचे. वजन उतरलं की शरीर भुकेची संप्रेरकं वाढवतं आणि वर्ष उलटलं तरी ती पूर्ववत होत नाहीत, हे ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २०११ मध्ये दाखवून दिलं. म्हणजे ताईची इच्छाशक्ती कमी पडत नव्हती, तिचं शरीर गमावलेले किलो परत मागत होतं.

हे मला तेव्हा माहीत नव्हतं. २०१९ मध्ये मामेबहिणीच्या लग्नात ताईच्या ताटात एक गुलाबजाम होता. मी चार जणांत म्हणालो, “ताई, जरा तोंडावर ताबा ठेव.” तिने तो गुलाबजाम तसाच ठेवला. त्यानंतर सहा वर्षं कुठल्याही समारंभात ती पंगतीला बसली नाही. वाढायला उभी राहायची, सगळे उठले की स्वयंपाकघरात उभ्याने काहीतरी खायची. माझं ते वाक्य मी परत घेऊ शकत नाही. हा लेख लिहायला घेण्यामागे तेही एक कारण आहे.

ऑपरेशन कुणाचं करायचं, याचे आकडे ठरलेले आहेत. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागलं की बीएमआय मिळतो. भारतीयांना कमी बीएमआयलाच मधुमेह आणि हृदयविकार गाठतात, म्हणून आपल्याकडे २५ च्या पुढे स्थूलता धरतात. ऑपरेशनसाठी आपले डॉक्टर बरीच वर्षं ३७.५, आणि सोबत आजार असतील तर ३२.५ हा आकडा वापरत आले. २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनांनी आशियाई लोकांसाठी तो आणखी खाली, २७.५ वर आणला. आरोग्यविम्यासाठी मात्र नियामक मंडळाने २०१९ मध्ये ४० ची, किंवा गंभीर आजार असतील तर ३५ ची अट घातलेली आहे. ताईचा बीएमआय ४८ च्या आसपास होता, त्यामुळे विमा मिळाला. बैठकीत भेटलेल्या एका रिक्षाचालकाचा ३४ होता, साखर इन्सुलिन घेऊनही तीनशेच्या घरात. डॉक्टरांच्या लेखी तो ऑपरेशनला पात्र होता, विम्याच्या लेखी नव्हता. त्याने गावाकडची अर्धा एकर जमीन विकली. हे आकडे जुळवायला हवेत असं मला कळकळीने वाटतं.

आता स्वयंपाकघराकडे येतो, कारण खरी कसोटी तिथे लागते.

दवाखान्यातून सुटी मिळताना एक छापील तक्ता देतात. पहिले एक-दोन दिवस निवळ पातळ पदार्थ, मग दोन आठवडे पातळ पण सत्त्वाचं, मग दोन आठवडे घोटलेलं, मग मऊ, आणि दीड-दोन महिन्यांनी घरचं नेहमीचं. ताईच्या तक्त्यात ब्रोकोलीचं सूप होतं, ग्रीक योगर्ट होतं. आईने तो तक्ता दोनदा वाचला आणि म्हणाली, “अगं, हे तर बाळंतिणीचं आणि बाळाचंच खाणं आहे.” मग तिने मागच्या कोऱ्या बाजूवर स्वतःचा तक्ता लिहिला. ताकाची निवळी. मुगाचं कढण, गाळून. नाचणीची आंबील, ताक घालून पातळ. तिसऱ्या आठवड्यापासून घोटलेलं वरण, दुधी शिजवून गरगट्ट, मऊ पिठलं. पाचव्यापासून मऊ उकडलेलं अंडं, कुस्करलेलं पनीर, चाकवताची ताकातली पातळ भाजी. पुण्याच्या आहारतज्ज्ञ बाईंनी तो वाचून त्याचा फोटो काढून घेतला आणि पुढच्या महिन्यात बैठकीत सगळ्यांना दाखवला.

त्यांनी एकच दुरुस्ती केली, आणि ती महत्त्वाची होती. आपलं आजारपणाचं सगळं खाणं पेज, मऊ भात, साबुदाण्याची खीर असं असतं. ते पचायला हलकं, पण त्यात प्रथिनं जवळजवळ नसतात. वजन भराभर उतरत असताना शरीराला रोज साठ ते ऐंशी ग्रॅम प्रथिनं मिळाली नाहीत तर चरबीबरोबर स्नायूही झडतात. एका अंड्यात साधारण सहा ग्रॅम, शंभर मिलिलिटर दुधात तीनेक ग्रॅम, शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठराच्या आसपास. मुगाची डाळ कोरडी असताना शंभर ग्रॅममध्ये चोवीस ग्रॅम प्रथिनं देते, पण तिचं वरण झालं की त्यात पाणीच जास्त. वाटीभर पातळ वरणातून चार-पाच ग्रॅम मिळाले तरी पुष्कळ. अशा बारा-चौदा वाट्या चहाच्या कपाएवढ्या पोटात उतरवायच्या कशा? म्हणून पावडर लागते. ताईला व्हॅनिलाच्या वासाने मळमळायचं. दाजींनी बिनवासाची पावडर शोधून आणली आणि आईने ती जिरेपूड, सैंधव घातलेल्या ताकात घुसळून दिली. गरम कढणात घातली की तिच्या गुठळ्या व्हायच्या, ताकात चांगली मिसळायची. असे उपाय कुठल्याही छापील तक्त्यात मिळत नाहीत, ते घरातच सापडतात.

नियम असा की प्रथिनं आधी, भाजी नंतर, पोळी-भात जागा उरली तर. म्हणजे आपल्या ताटाचा क्रम पूर्ण उलटा. आपल्याकडे पोळी मध्ये असते आणि बाकी सगळं तिला तोंडी लावायला. पहिल्या वर्षी ताईच्या वाटीत नुसती उसळ पाहून पाहुणे विचारायचे, “पोळी नाही वाढली?”

पाण्याचा नियम याहून कठीण. जेवताना पाणी नाही, आधी अर्धा तास नाही, नंतर अर्धा तास नाही. एकेक घोटच घ्यायचा आणि तरी दिवसभरात दीड-दोन लिटर पूर्ण करायचं. उन्हाळ्यात सातारच्या रस्त्यावरून घरी आलेल्या माणसाला माठातलं तांब्याभर पाणी घटाघटा पिता येऊ नये, ही काय शिक्षा असते ते ताईने एकदा मला सांगितलं. अन्नाची आठवण तिला इतकी छळत नव्हती, तांब्याची छळत होती. अर्ध्या लिटरच्या बाटलीवर तिने नखाच्या लाल रंगाने दहा रेघा ओढल्या. प्रत्येक तासिकेत एक रेघ खाली जायची. दहावीची पोरं ते बघून सांगायची, “मॅडम, रेघ राहिली.”

शाळेतली मधली सुट्टी अर्ध्या तासाची. ताईला जेवायला पस्तीस मिनिटं लागायची, शिवाय आठ शिक्षिका एकत्र बसून डबे वाटून खाणार. ही एक भाजी चाख, ती एक चटणी चाख. पहिल्या आठवड्यात तिने घाई केली आणि वर्गात शिरताना तिला घाम फुटला. शेवटी मुख्याध्यापिकांनी तिची सुट्टीनंतरची तासिका पुढे ढकलली. कुणी अर्ज केला नव्हता. त्यांनी वेळापत्रक बदलून फळ्याशेजारी लावलं, एवढंच.

मार्च २०२४ ची होळी. त्या दिवशी मी घरी होतो म्हणून जे झालं ते डोळ्यांनी पाहिलं. पुरणपोळीचा चौथा भाग ताईने दुधात कुस्करून घेतला होता, तेवढ्याला परवानगी होती. दोन घास नीट गेले. तिसऱ्या घासाला शेजारच्या काकू आल्या, बोलणं सुरू झालं आणि घास पुरता न चावता गिळला गेला. ताई बोलता बोलता थांबली. हात छातीच्या मधोमध गेला. चेहरा पांढरा पडला आणि ती उठून मोरीकडे चालू लागली.

घास अडकला होता. वर येत नव्हता, खाली जात नव्हता. छातीत दगड बसल्यासारखं वाटतं, असं ती नंतर म्हणाली. तोंडात लाळ सुटत राहते, ती गिळता येत नाही, आणि पांढऱ्या फेसासारखी थुंकावी लागते. काकू पाणी घेऊन धावल्या. दाजींनी त्यांना हात करून थांबवलं, कारण वरून पाणी ओतलं की त्रास वाढतो. ते मोरीच्या कट्ट्याशी उभे राहून नुसते ताईच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. पाऊण तास गेला. मग काहीतरी हललं, ताईने सुस्कारा सोडला आणि जमिनीवर बसली. “गेला,” ती म्हणाली.

पोळी, पाव, मोकळा भात, कोरडं चिकन, ही अडकणाऱ्या पदार्थांची यादी या रुग्णांना तोंडपाठ असते. पोळी तोंडात ओली झाली की तिचा कणकेसारखा गोळा होतो आणि अरुंद नळीत तो बसतो. सहा-आठ महिन्यांनी हे खूप कमी होतं, सूज पूर्ण उतरते, माणूसही चावायला शिकतो. पण उलट्या दिवसेंदिवस चालू राहिल्या तर मात्र घरी थांबायचं नाही. त्यात बी-१ जीवनसत्त्व इतकं घटू शकतं की तोल जातो, नजर अडखळते, मेंदूला कायमची इजा होते. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण “ऑपरेशन झालंय, उलट्या व्हायच्याच” असं म्हणून घरी बसलेली माणसं मला त्या बैठकीत भेटली.

ती बैठक दर महिन्याच्या एका शनिवारी दवाखान्याच्या तळघरातल्या हॉलमध्ये भरते. पंचवीस-तीस खुर्च्या, भिंतीपाशी वजनकाटा. चहा ठेवलेला नसतो. मी तिथे ऐकलेलं थोडंसं सांगतो.

एसटीतले एक कंडक्टर. गाडी कुठल्या थांब्यावर किती मिनिटं थांबणार यावर त्यांचं जेवण ठरायचं. पूर्वी पाच मिनिटांत तीन वडापाव जायचे. आता तिकिटाच्या पिशवीत शिजवलेल्या मटकीचा लहान डबा असतो आणि ते दोन थांब्यांमध्ये दोन चमचे खातात. सांगलीकडच्या एक जैन गृहिणी. अंडं नाही, कंदमूळ नाही, सूर्यास्तानंतर जेवण नाही. दिवसातून सहा वेळा थोडं थोडं खायचं तर हिवाळ्यात दिवसच पुरत नाही. त्यांनी पहाटे लवकर उठून गणित बसवलं. ऑपरेशनआधीच त्यांचं बी-१२ खूप कमी होतं. शाकाहारी माणसात ते मुळात कमी असतंच, आणि बी-१२ शोषायला लागणारा घटक जठरात, बराचसा काढून टाकलेल्या भागात तयार होतो. म्हणून या गोळ्या आणि इंजेक्शनं जन्मभराची. वजन उतरलं, बरं वाटायला लागलं, की सगळ्यात आधी लोक गोळ्या सोडतात, असं आहारतज्ज्ञ बाई दर महिन्याला न थकता सांगतात.

हिंजवडीत काम करणारा सव्वीस वर्षांचा एक मुलगा. त्याचं पंचेचाळीस किलो वजन उतरलं होतं, तरी तो अजून अंग चोरून, दोन खुर्च्यांच्या मध्ये जागा सोडून बसायचा. त्याला सगळ्यांनी विचारलं, भूक लागते का? तो म्हणाला, “भूक नाही लागत. वखवख होते.” खोलीतल्या जवळजवळ प्रत्येक मानेने होकार दिला. घ्रेलिन घटल्यामुळे पोटातली भूक मंदावते. पण रात्री अकराला कामाचा ताण आला की फ्रीज उघडावासा वाटणं, ते तिथे नसतंच, त्यामुळे ते कापलं जात नाही. ज्याने वीस वर्षं दुःखात, कंटाळ्यात, एकटेपणात अन्नाचा आधार घेतला, त्याचा तो आधार एका दिवसात काढून घेतला जातो. त्याच्या जागी दुसरं काही उभं राहायला वेळ लागतो. काही जण त्या काळात दारूकडे वळतात, आणि ती अशा पोटात फार लवकर चढते. त्या हॉलमध्ये मानसोपचारतज्ज्ञ तीन महिन्यांतून एकदा येतात. दर महिन्याला यायला हव्यात.

एका बाईंचं वजन उतरलं, पण छातीत जळजळ इतकी वाढली की तीन उशा लावून बसल्या बसल्या झोपायच्या. त्यांना दुसऱ्यांदा ऑपरेशन करून बायपास करावा लागला. ही स्लीव्हची उघड दुबळी बाजू आहे. फिनलंडमध्ये २४० रुग्णांवर झालेल्या अभ्यासात दहा वर्षांनंतर स्लीव्ह झालेल्यांपैकी ३१ टक्क्यांच्या अन्ननलिकेला आम्लाने सूज आलेली आढळली, बायपासवाल्यांमध्ये ती ७ टक्के होती. ज्याला आधीपासून पित्ताचा, जळजळीचा त्रास आहे त्याने स्लीव्ह निवडण्याआधी दुर्बिणीने तपासून घ्यावं आणि डॉक्टरांशी थेट बोलावं.

केस तिसऱ्या महिन्यापासून गळतात. ताईच्या केरात रोज मूठभर केस निघायचे. ती काही बोलायची नाही, पण आरसा बघणं तिने सोडलं होतं. सातव्या-आठव्या महिन्यात कपाळाशी बारीक लव दिसू लागली. पित्ताशयात खडे होऊ नयेत म्हणून सहा महिने एक गोळी चालू होती. रात्रीचं श्वासाचं मशीन पाचव्या महिन्यात कपाटावर गेलं. साखरेच्या चार गोळ्यांची एक झाली. साखर तर वजन उतरायच्या आधीच, पहिल्या काही आठवड्यांत खाली आली होती, याचं मला फार नवल वाटलं. अंगठी एकदा बेसिनमध्ये घसरली. आई दर दीड महिन्याला तिचे ब्लाउज मशीनवर आत घेत होती आणि कापलेलं कापड टाकत नव्हती. प्रत्येक शिवणीत माया ठेवत होती.

आता फराळाबद्दल, कारण दिवाळीत घरोघरी डबे भरलेले असतात.

नोव्हेंबर २०२४ ची, ऑपरेशननंतरची ताईची पहिली दिवाळी. वजन ८५ वर आलेलं. ती चकलीला घाबरली होती, अडकेल म्हणून. एक तुकडा खाल्ला, काहीच झालं नाही. दुसरा खाल्ला. मग चिवडा, शेव. सगळं सुरळीत उतरत गेलं. पोळीचा घास जिथे दगड होऊन बसायचा तिथून अख्खी चकली चुरा होऊन निघून गेली. ताईने आनंदाने पुण्याला फोन केला आणि आहारतज्ज्ञ बाई गप्प झाल्या.

कारण हेच तर खरं कोडं आहे. अंडं, उसळ, पनीर, मासा हे घट्ट पदार्थ बाहीत थांबतात, तीन-चार घासांत पोट भरतं. कुरकुरीत, तळलेलं, तोंडात विरघळणारं काही थांबतच नाही. दर दहा मिनिटांनी मूठभर चिवडा दिवसभर खाता येतो आणि पोट कधीच भरत नाही. आइस्क्रीम तसंच, बिस्किटं चहात बुडवून तशीच. वजन एक ते दीड वर्ष उतरतं, मग थांबतं, आणि दोन वर्षांनंतर थोडं चढतं. त्या फिनलंडच्या अभ्यासातही दहा वर्षांनंतर स्लीव्हवाल्यांनी आपल्या जादा वजनापैकी साधारणपणे ४३.५ टक्केच घटवलेलं होतं, बायपासवाल्यांनी ५०.७ टक्के. हेही कमी नाही, यात काहींचा मधुमेह सुटतो, गुडघे वाचतात. पण ज्याला वाटतं की एकदा कापलं की काम झालं, त्याला ते चढलेले किलो पुन्हा जुन्या अपराधी भावनेत ढकलतात. ताईचं जानेवारी २०२५ मध्ये ८४ झालं होतं, ऑगस्टमध्ये ८७. त्या तीन किलोंसाठी ती रात्रभर रडली, असं दाजींनी मला फोनवर सांगितलं. मी तिला फक्त ११८ ची आठवण करून दिली. २०२५ च्या मार्चमध्ये आणि जूनमध्ये वजनाची दोन नवी इंजेक्शनं भारतात आली, मौंजारो आणि वेगोव्ही. बैठकीत आता त्यांचीही चौकशी होते, चढलेलं वजन रोखायला. डॉक्टर काहींना देतातही. पण काय खायचं आणि किती, हा प्रश्न तीही घरावरच सोडतात.

आणि घरात आग्रह असतो. आपल्याकडे प्रेम वाढण्यातून बोलतं. “एवढ्याने काय होतंय”, “माझी शपथ”, “पानात टाकायचं नाही”, ही वाक्यं कुणाला दुखवायला कुणी म्हणत नाही. ज्यांनी दुष्काळ पाहिला, रेशनच्या रांगा पाहिल्या, त्यांच्यासाठी पोटभर वाढणं हीच लेकीला दिलेली सुरक्षा होती. त्या आग्रहाला नाही म्हणताना माणूस अन्नाला नाही म्हणत नसतो, तो माणसाला नाही म्हणतोय असं समोरच्याला वाटतं. बैठकीतल्या त्या जैन गृहिणी म्हणाल्या होत्या की ऑपरेशनच्या जखमा आठ दिवसांत भरल्या, सासूबाईंचा रुसवा आठ महिने भरला नाही. ताईने हळदीकुंकवाला जाणं टाळलं, सत्यनारायणाला जाणं टाळलं. लोकांना सांगायचं तरी काय? “पोट कापून घेतलं म्हणे,” हे तिच्या पाठीमागे म्हटलं गेलेलं तिने ऐकलं होतं. इजिप्तच्या एका बाईंना २०१७ मध्ये विमानाने मुंबईत आणून हे ऑपरेशन केलं, त्याच्या बातम्या घराघरांत पाहिल्या गेल्या. पण आपल्या गल्लीतल्या बाईने ते केलं की लोकांना तो आळशीपणाचा कबुलीजबाब वाटतो. ताईने ऑपरेशननंतर एका वर्षात जितकी शिस्त पाळली, तितकी मी आयुष्यात कुठल्याही गोष्टीत पाळलेली नाही.

१ सप्टेंबर २०२५ ला गौरी जेवल्या. सोळा भाज्या, पुरण, कटाची आमटी, पंचामृत. घरात अठरा माणसं. सहा वर्षांनी ताई पंगतीला बसली, माझ्या शेजारी. तिच्या पानात ताटाऐवजी मधोमध ती चांदीची वाटी होती, आणि बाजूला चमचाभर चटणी. दाजींनी पंगत सुरू व्हायच्या आधीच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की आज कुणी घाईने उठायचं नाही. अठरा माणसं तासभर जेवली. आत्याने तिची जुनी गोष्ट तिसऱ्यांदा सांगितली आणि सगळ्यांनी ती पुन्हा ऐकली.

आई कटाची आमटी घेऊन वाढत आली. वय ब्याहत्तर, हात अजून स्थिर. माझ्या वाटीत न विचारता दोन पळ्या ओतल्या. ताईच्या वाटीत तिने आधीच मोकळं शिजवलेलं पुरण दोन चमचे घातलेलं होतं, त्यावर अर्धी पळी आमटी सोडली. मग पळी परत भरली आणि वाटीवर धरली. आमटीचा एक थेंब पळीच्या टोकाशी जमा होत होता.

“बास?” आईने विचारलं.

“बास, आई.”

आईने पळी पातेल्यात परत ठेवली आणि पुढच्या पानाकडे सरकली.